व्हिसा-रन : सीमेवरचा शिक्का आणि मुक्कामाचा हिशेब

पर्यटक म्हणून परदेशी गेलेल्या माणसाचे मुक्कामाचे दिवस संपत आले, की त्याच्यासमोर तीन वाटा असतात. मायदेशी परतणे ही पहिली. त्याच देशातील कार्यालयात मुदतवाढीचा अर्ज करणे ही दुसरी. जवळची सीमा ओलांडून शेजारच्या देशात जाणे आणि तेथून नवा शिक्का घेऊन परतणे ही तिसरी. या तिसऱ्या वाटेला प्रवाशांच्या बोलीत 'व्हिसा-रन' असे नाव आहे. दक्षिण अमेरिकेत हा प्रघात इतका रुळलेला आहे, की कित्येक परदेशी वर्षानुवर्षे तेथे 'पर्यटक' म्हणूनच राहत आले. गोव्यात आणि पुण्यात रमलेल्या पाश्चात्त्यांनी नेपाळच्या सीमेवर हीच वाट चोखाळली, तर नोकरीच्या शोधात आखातात गेलेल्या भारतीयांनी इराणच्या एका बेटावर.

या वाटेभोवती एक समज घट्ट बसला आहे. सीमा ओलांडली की व्हिसा आपोआप नवा होतो, असा तो समज. तो अनेकांना महाग पडला आहे. अजिंठा-वेरूळमुळे परदेशी पाहुण्यांचा राबता असलेल्या आणि मुले-नातवंडे परदेशी स्थायिक झालेल्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) सारख्या शहरात तर हा विषय दूरचा राहिलेला नाही. म्हणूनच या प्रघातामागचे नियम, त्याचा इतिहास आणि त्यातील धोके यांची ही ओळख.

व्हिसा वेगळा, मुक्काम वेगळा

व्हिसा म्हणजे एखाद्या देशाच्या दारापर्यंत येण्याची परवानगी. ती बहुधा त्या देशाचा परदेशातील दूतावास देतो. आलेल्या माणसाला आत घ्यायचे की नाही आणि घेतल्यास किती दिवसांसाठी, हे मात्र विमानतळावरील किंवा सीमेवरील इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. त्यामुळे प्रवाशाच्या दृष्टीने दोन तारखा महत्त्वाच्या असतात. व्हिसा कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल, ही एक. आणि या भेटीत कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल, ही दुसरी. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा भारतीयांना बहुधा दहा वर्षांचा मिळतो. याचा अर्थ दहा वर्षे तेथे राहता येते असा नव्हे. प्रत्येक भेटीत साधारणपणे सहा महिन्यांपर्यंतच मुक्काम मंजूर होतो. दहा वर्षे ही दार ठोठावण्याची मुदत आहे, घरात राहण्याची नव्हे.

तिसरी बाब प्रवेशांच्या संख्येची. व्हिसा एका प्रवेशाचा, दोन प्रवेशांचा किंवा अनेक प्रवेशांचा असू शकतो. एका प्रवेशाच्या व्हिसावर देशाबाहेर पडलेल्या माणसाचा व्हिसा, त्यावरील मुदत शिल्लक असली तरी, बाहेर पडताक्षणी संपतो.

व्हिसा-रन कोठे चालतो आणि कोठे चालत नाही, हे एकाच फरकावर अवलंबून आहे. जो देश प्रत्येक प्रवेशाला स्वतंत्र भेट मानतो, तेथे नव्या शिक्क्याबरोबर दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. जो देश वर्षभरातील किंवा सहा महिन्यांतील एकूण दिवस मोजतो, तेथे शंभरदा सीमा ओलांडूनही एक दिवस वाढत नाही. पहिल्या प्रकारातही नवा शिक्का हा हक्क नसतो. तो अधिकाऱ्याने त्या क्षणी घेतलेला नवा निर्णय असतो, आणि तो नकारार्थीही असू शकतो.

दक्षिण अमेरिकेतील वहिवाट

या प्रघाताचे ठळक उदाहरण म्हणून अर्जेंटिनाचा उल्लेख होतो. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील बहुतेक देशांच्या नागरिकांना तेथे व्हिसाविना ९० दिवस राहता येते. राजधानी ब्युनोस आयर्सच्या समोर, रिओ दे ला प्लाता या विशाल नदीमुखाच्या पलीकडच्या तीरावर उरुग्वेचे कोलोनिया हे जुने, देखणे गाव आहे. जलद फेरीबोट तेथे साधारण सव्वा तासात पोहोचवते. सकाळी जायचे, दगडी गल्ल्यांतून हिंडायचे, जेवायचे आणि संध्याकाळी पुढच्या ९० दिवसांचा शिक्का घेऊन परतायचे, असा क्रम अनेकांनी वर्षानुवर्षे पाळला. या मार्गाची आणखी एक सोय अशी, की एका देशातून बाहेर पडल्याची आणि दुसऱ्या देशात शिरल्याची नोंद बोटीत चढण्यापूर्वी एकाच बंदरात शेजारी-शेजारी होते.

भूसीमांवर इतकी सोय नसते. पेरूतील ताक्ना आणि चिलीतील आरिका ही शहरे एकमेकांपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहेत आणि त्यांच्यामध्ये सामायिक टॅक्सी धावतात. कोलंबिया आणि इक्वेडोर यांच्यामध्ये रुमिचाका हा पूल आहे. पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवर, टिटिकाका सरोवराजवळ, देसाग्वादेरो हे गजबजलेले बाजाराचे गाव आहे. अशा ठिकाणी स्थानिक माणसे भाजीपाला, कापड घेऊन दिवसभर ये-जा करीत असतात. त्यांना कोणी फारसे अडवत नाही. त्यांच्या गर्दीत परदेशी माणूसही नकळत पुढे निघून जाऊ शकतो आणि एका देशाचा निर्गमनाचा किंवा दुसऱ्या देशाचा प्रवेशाचा शिक्का घ्यायचा राहून जातो. ही चूक त्या दिवशी लक्षात येत नाही. देश सोडताना अधिकारी प्रवेशाची नोंद शोधतो, ती सापडत नाही, आणि मग दंड भरा किंवा पुन्हा त्या सीमेवर जाऊन या, असे ऐकावे लागते. अर्जेंटिनातील मेंडोसा आणि चिलीतील सँटियागो यांना जोडणारा अँडीज पर्वतातील घाट तर हिवाळ्यात बर्फामुळे कित्येक दिवस बंद असतो. मुक्कामाचा शेवटचा दिवस आणि घाट बंद होण्याचा दिवस एकच आला, तर कायदा हवामानाची सबब मान्य करीलच असे नाही.

या खंडातील देशांनीही हळूहळू हिशेबाची पद्धत बदलली. ब्राझीलमध्ये पर्यटकाला ९० दिवस मिळतात, ते वाढवूनही घेता येतात, पण बारा महिन्यांत एकूण १८० दिवसांपलीकडे जाता येत नाही. कोलंबियातही १८० दिवसांची मर्यादा आहे, मात्र ती कॅलेंडर वर्षाला लागू असल्याने १ जानेवारीला मोजणी नव्याने सुरू होते. पेरूने २०१७ मध्ये नवा स्थलांतर कायदा लागू करून ३६५ दिवसांत १८३ दिवस अशी मर्यादा घातली. त्यानंतर ताक्नाहून आरिकाला जाऊन येण्याने पूर्वीसारखे नवे दिवस मिळेनासे झाले.

भारतीय प्रवाशाने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. दक्षिण अमेरिकेतील व्हिसा-रनच्या ज्या सुरस कथा वाचायला मिळतात, त्या बहुतांशी ज्यांना व्हिसाच लागत नाही अशा पासपोर्टधारकांच्या असतात. भारतीयांना अर्जेंटिना, ब्राझील, उरुग्वे या देशांसाठी सर्वसाधारणपणे आधी व्हिसा घ्यावा लागतो. म्हणजे कोलोनियाला एका दिवसासाठी जायचे, तरी उरुग्वेचा व्हिसा हवा आणि परतण्यासाठी अर्जेंटिनाचा अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा. इक्वेडोर हा देश भारतीयांना व्हिसाविना प्रवेश देत असे. ती सोय ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झाली. ज्या सीमेवर एकासाठी पंधरा मिनिटांचे काम असते, तीच सीमा दुसऱ्यासाठी बंद दार ठरते. फरक पासपोर्टाच्या रंगाचा असतो.

गोवा, पुणे आणि नेपाळची सीमा

भारतात हा प्रघात रुजला तो सहा महिन्यांच्या पर्यटक व्हिसामुळे. गोव्यात साठच्या दशकाच्या अखेरीपासून हिप्पी येऊ लागले. हणजुणे, हरमल, पाळोळे या किनाऱ्यांवर हिवाळा घालवणाऱ्यांत पुढे इस्रायली आणि रशियन पर्यटकांची भर पडली. पुण्यात १९७४ मध्ये कोरेगाव पार्क येथे रजनीशांचा आश्रम सुरू झाला आणि त्यानिमित्ताने जगभरचे लोक तेथे दीर्घ मुक्कामाला येऊ लागले. योग, संगीत, ध्यान किंवा केवळ स्वस्त आणि मोकळे आयुष्य, कारण कोणतेही असो, सहा महिने अनेकांना अपुरे पडत.

भारतीय पर्यटक व्हिसाची मुदत सर्वसाधारणपणे देशातल्या देशात वाढवून मिळत नाही. आजारपणासारख्या अपवादात्मक कारणांनीच तसा विचार होतो. त्यामुळे मुदत संपली की बाहेर पडणे भाग असे. सर्वांत जवळची वाट नेपाळची. उत्तर प्रदेशातील सोनौली किंवा बिहारमधील रक्सौल येथून सीमा ओलांडायची, नेपाळचा व्हिसा सीमेवरच घ्यायचा, काठमांडूतील भारतीय दूतावासात नव्या पर्यटक व्हिसासाठी अर्ज करायचा, काही दिवस वाट पाहायची आणि परतायचे. काही जण यासाठी श्रीलंकेला जात. भारतीय आणि नेपाळी नागरिकांना १९५० च्या करारामुळे या सीमेवर व्हिसा लागत नाही. सोनौलीच्या कमानीखालून त्यांचे लोंढे सतत इकडून तिकडे वाहत असतात. परदेशी माणसाने मात्र त्याच रस्त्यावरील छोट्याशा इमिग्रेशन कार्यालयात जाऊन शिक्का घ्यायचा असतो. रुमिचाका पुलावर होणारी चूक येथेही तितक्याच सहजतेने होते.

नेपाळचीही स्वतःची मर्यादा आहे. तेथे पर्यटक म्हणून एका कॅलेंडर वर्षात १५० दिवसांपलीकडे राहता येत नाही. त्यामुळे भारत आणि नेपाळ यांच्यामध्ये झोके घेत कायमचे राहण्याचा बेत कागदावरच राहतो.

२००९ : दोन महिन्यांची अट

या वहिवाटीला मोठा धक्का बसला तो २००९ च्या अखेरीस. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यासाठी टेहळणी करणारा डेव्हिड कोलमन हेडली याला ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागो येथे अटक झाली. अमेरिकी पासपोर्टवर तो हल्ल्यापूर्वी अनेक वेळा आणि हल्ल्यानंतर मार्च २००९ मध्येही भारतात येऊन गेल्याचे उघड झाले. पुण्यातील ओशो आश्रमाचीही त्याने पाहणी केली होती. एकच माणूस इतक्या वेळा ये-जा करतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही, या प्रश्नावर सरकारने शोधलेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे पर्यटक व्हिसावर दोन भेटींमध्ये किमान दोन महिन्यांचे अंतर हवे, ही अट.

वस्तुतः हेडली भारतात येत होता तो व्यवसाय व्हिसावर. अट लागू झाली ती मात्र पर्यटकांना. तिचा फटका दीर्घ मुक्काम करणाऱ्यांपुरता मर्यादित राहिला नाही. दिल्ली पाहून चार दिवस काठमांडूला जाऊन पुन्हा मुंबईमार्गे परतणारे सामान्य पर्यटक, श्रीलंका आणि केरळ अशी जोडसहल आखणारी कुटुंबे, सारेच या अटीत सापडले. प्रवासाचा पूर्ण आराखडा आधी सादर केल्यास शेजारी देशांना जाऊन परतण्याची सवलत ठेवण्यात आली होती. परंतु ती माहीत नसलेल्यांचे सामान, परतीचे तिकीट आणि कधीकधी घरची माणसे सीमेच्या अलीकडे आणि ते स्वतः पलीकडे, अशी अवस्था झाली. ब्रिटन आणि अमेरिकेनेही याबाबत नाराजी कळवली. पर्यटन व्यवसायातूनही विरोध झाला.

अखेर २०१२ च्या अखेरीस केंद्र सरकारने ही अट मागे घेतली. अफगाणिस्तान, चीन, इराण, पाकिस्तान, इराक, सुदान या देशांचे नागरिक, पाकिस्तानी व बांगलादेशी मूळ असलेले परदेशी आणि कोणत्याही देशाचे नागरिकत्व नसलेल्या व्यक्ती यांना त्या वेळी सवलतीतून वगळण्यात आले. जेमतेम तीन वर्षे टिकलेल्या या नियमाने एक धडा मात्र घालून दिला. व्हिसा-रन हा नियमातील मोकळ्या जागेचा वापर असतो, आणि ती जागा सरकार एका परिपत्रकाने बुजवू शकते. त्या दिवशी जो सीमेच्या ज्या बाजूला असेल, तो तेथेच राहतो.

त्यानंतरच्या काळात दिशा बदलली. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी ४३ देशांच्या नागरिकांसाठी ऑनलाइन मंजुरीवर आधारित पर्यटक व्हिसा सुरू झाला आणि पुढे त्याला ई-टुरिस्ट व्हिसा हे नाव मिळाले. २०१९ पासून ३० दिवस, एक वर्ष आणि पाच वर्षे असे त्याचे प्रकार झाले. यातील दीर्घ मुदतीच्या व्हिसावर अनेकदा येता येते, परंतु कॅलेंडर वर्षात एकूण १८० दिवसांपलीकडे राहता येणार नाही, असे बंधन आले. म्हणजे भारतही शिक्के मोजण्याऐवजी दिवस मोजू लागला.

अजिंठा, वेरूळ आणि लुंबिनी

शहरातील हॉटेलचालक आणि गाइड मंडळींच्या दृष्टीने या नियमांचे एक वेगळे महत्त्व आहे. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही लेणी १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, तर अजिंठा सुमारे १०० किलोमीटरवर. जपान, थायलंड, श्रीलंका येथून येणारे बौद्ध यात्रेकरू अजिंठ्याबरोबर बोधगया, सारनाथ, कुशीनगर ही स्थळेही पाहतात. या यात्रेतील एक स्थान मात्र भारतात नाही. गौतम बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी नेपाळमध्ये, सोनौलीच्या सीमेपासून जवळच आहे.

यात्रेकरूच्या मनात ही एकच यात्रा असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र लुंबिनीला जाणे म्हणजे भारत सोडणे आणि परतणे म्हणजे नवा प्रवेश. एका प्रवेशाचा व्हिसा असलेला यात्रेकरू लुंबिनीचे दर्शन घेऊन परतू शकत नाही, मग त्याचे अजिंठ्याचे आरक्षण झालेले असो वा मुंबईहून परतीचे विमान ठरलेले असो. ३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर दोन प्रवेशांची मुभा असते, ती अशा वेळी उपयोगी पडते. परंतु ई-व्हिसा ठरावीक प्रवेशद्वारांवरच चालतो. त्यामुळे ज्या नाक्यावरून परतायचे तो अधिकृत यादीत आहे का, हे सहल आखतानाच पाहणे आवश्यक ठरते.

परदेशी पाहुणा ज्या हॉटेलात, लॉजमध्ये किंवा घरगुती निवासात उतरतो, तेथील चालकाने २४ तासांच्या आत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्यांना ऑनलाइन कळवायची असते. 'फॉर्म सी' या नावाने हॉटेल व्यवसायात हे काम वर्षानुवर्षे ओळखले जाते. ही नोंद करताना व्हिसाची मुदत पाहिली जातेच. त्यामुळे मुदत उलटून गेलेला पाहुणा पहिल्यांदा लक्षात येतो तो बहुधा हॉटेलच्या काउंटरवर.

शहरात परदेशी नागरिकांचा आणखी एक वर्ग आहे, तो विद्यार्थ्यांचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि शहरातील महाविद्यालयांत येमेनसह अनेक देशांतील विद्यार्थी शिकत आले आहेत. विद्यार्थी व्हिसा पर्यटक व्हिसाहून वेगळा. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्यांनी १४ दिवसांत नोंदणी करायची असते, आणि शिक्षण सुरू असेपर्यंत मुदतवाढ येथेच राहून मागता येते. एप्रिल २०१८ पासून हे बहुतेक काम ई-एफआरआरओ या ऑनलाइन यंत्रणेद्वारे होते. येमेनमध्ये २०१४-१५ पासून युद्ध पेटल्यानंतर तेथील विद्यार्थ्यांना मायदेशी जाऊन येणेच अवघड झाले. व्हिसा-रन ही चैन ज्यांना परवडत नाही, अशांसाठी देशातल्या देशात मिळणारी मुदतवाढ किती मोलाची असते, ते या उदाहरणावरून कळते.

आपली माणसे परदेशात

शहरातील अनेक घरांत आता आई-वडील वर्षाआड अमेरिकेला मुलांकडे जातात. सहा महिन्यांचा मुक्काम संपत आला, की सुचवले जाते, 'दोन दिवस नायगाराच्या कॅनडाच्या बाजूला जाऊन येऊ, परतताना नवे सहा महिने मिळतील.' हा सल्ला धोक्याचा आहे. अमेरिकेत पर्यटकाचा मुक्काम आय-९४ या नोंदीने ठरतो. कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांहून कमी काळासाठी जाऊन परतणाऱ्याला सर्वसाधारणपणे त्याच जुन्या नोंदीवर, उरलेल्या दिवसांपुरतेच आत घेतले जाते. नवे सहा महिने मिळतीलच असे नाही. शिवाय कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो, ते निराळेच. खरोखर गरज असेल, उदाहरणार्थ सुनेचे बाळंतपण किंवा स्वतःचे आजारपण, तर मुदत संपण्यापूर्वी आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज करणे हा सरळ मार्ग आहे.

मुदत ओलांडण्याचे परिणामही जबर आहेत. १८० दिवसांहून अधिक, पण एक वर्षाहून कमी काळ बेकायदा राहून देश सोडणाऱ्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक राहणाऱ्यास दहा वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. सत्तरीतील आजोबांसाठी दहा वर्षे म्हणजे नातवंडांचे सारे बालपण.

उलट दिशेचा प्रश्नही तितकाच घरगुती आहे. परदेशात जन्मलेली, परदेशी पासपोर्ट असलेली नातवंडे आजोळी येतात, तेव्हा कायद्याने ती परदेशी असतात. त्यांच्यासाठी ओसीआय म्हणजे भारताच्या परदेशस्थ नागरिकाची नोंदणी ही सोय २००६ पासून आहे. ९ जानेवारी २०१५ रोजी पूर्वीची पीआयओ योजना तीत विलीन झाली. ओसीआय कार्डधारकाला मुक्कामाच्या दिवसांची मर्यादा नसते आणि परदेशी नागरिक म्हणून नोंदणीचीही सर्वसाधारणपणे गरज नसते. व्हिसा-रनचा विचारही मनात येऊ नये, अशी ही व्यवस्था.

आखातातील चित्र वेगळे आणि अधिक करुण आहे. भेटीच्या व्हिसावर दुबई-शारजाला जाऊन नोकरी शोधायची, हा मार्ग अनेक भारतीयांनी अनुसरला. व्हिसा संपला की बाहेर पडून नवा व्हिसा हाती येईपर्यंत थांबणे आवश्यक असे. भारतात परतण्याचा खर्च झेपत नसल्याने अनेक जण इराणच्या किश बेटावर जात, कारण त्या मुक्त व्यापार क्षेत्रात व्हिसाविना प्रवेश मिळे. तेथील हॉटेलांत व्हिसाची वाट पाहत दिवसचे दिवस काढणाऱ्यांत अनेक आशियाई देशांचे श्रमिक असत. १० फेब्रुवारी २००४ रोजी किशहून शारजाला येणारे किश एअरचे विमान उतरताना कोसळले. विमानातील ४६ पैकी ४३ जण मृत्युमुखी पडले. व्हिसाचे काम आटोपून कामाच्या ठिकाणी परतणारे परदेशी कामगारही त्यांत होते. एका शिक्क्यासाठी करावा लागणारा प्रवास किती महाग पडू शकतो, याचे हे दारुण उदाहरण.

करोनाकाळात संयुक्त अरब अमिरातींनी देशातल्या देशात भेटीचा व्हिसा बदलण्याची मुभा दिली होती. २०२२ च्या अखेरीस ती बंद झाली आणि देशाबाहेर जाऊन येण्याची जुनी पद्धत परतली. त्याच वर्षी मुदत ओलांडणाऱ्यांसाठी दिवसाला ५० दिरहम असा दंड सर्वांना सारखा करण्यात आला. नोकरी नसलेल्या माणसासाठी हा दंड दररोज वाढणारे कर्ज ठरतो.

शिक्क्याचा अस्त

व्हिसा-रनचा आधार होता तो पासपोर्टावरील शाईचा शिक्का. अधिकारी शिक्के चाळत, तारखा जुळवत आणि अनेकदा घाईत दुर्लक्ष करीत. संगणकीय नोंदींनी ही ढिलाई संपवत आणली आहे. युरोपातील शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस अशी मर्यादा आहे. ऑक्टोबर २०१३ पासून ती सरकत्या पद्धतीने मोजली जाते, म्हणजे कोणत्याही दिवशी मागचे १८० दिवस पाहिले जातात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तेथे टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेणारी प्रवेश-निर्गमन नोंद यंत्रणा सुरू झाली. थायलंडने २०१६ च्या अखेरीस भूसीमेवरून व्हिसाविना होणारे प्रवेश वर्षाला दोनपुरते मर्यादित केले. ब्रिटनचे नियमही वारंवार भेटी देऊन प्रत्यक्षात तेथेच राहणाऱ्याला प्रवेश नाकारण्याची मुभा अधिकाऱ्याला देतात.

सीमाच बंद झाल्या तर काय होते, हेही मार्च २०२० मध्ये दिसले. भारताने १३ मार्चपासून जवळपास सर्व पर्यटक व्हिसा स्थगित केले. नेपाळची सीमा बंद झाली, दक्षिण अमेरिकेतील सीमाही बंद झाल्या. भारतात अडकलेल्या परदेशी नागरिकांचे व्हिसा सरकारला पुढे २०२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने वाढवून द्यावे लागले. दर सहा महिन्यांनी सीमेवर जाण्यावर ज्यांचे आयुष्य उभे होते, त्यांना त्या आयुष्याचा पाया किती कच्चा आहे ते त्या काळात उमगले.

भारतात कायद्याची चौकटही बदलली आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे रद्द करून केलेला इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ हा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. व्हिसाची मुदत ओलांडणे किंवा त्याच्या अटी मोडणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. हॉटेलांबरोबरच शिक्षणसंस्था आणि रुग्णालये यांच्यावरही परदेशी नागरिकांची माहिती कळवण्याची जबाबदारी आहे.

प्रवासापूर्वी हे पाहावे

• व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत या दोन्ही तारखा स्वतंत्रपणे लिहून ठेवाव्यात. परत फिरण्याची तारीख दुसरी असते.

• व्हिसा किती प्रवेशांचा आहे हे पाहिल्याशिवाय शेजारच्या देशाची सहल जोडू नये.

• त्या देशात दिवसांची मोजणी भेटीनुसार, कॅलेंडर वर्षानुसार की सरकत्या पद्धतीने होते, हे त्या देशाच्या दूतावासाच्या अधिकृत माहितीवरून तपासावे. सहप्रवाशाचा अनुभव त्याच्या पासपोर्टापुरता खरा असतो.

• भूसीमेवर निर्गमन आणि प्रवेश अशा दोन्ही नोंदी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. बसचालक घाई करीत असला तरी शिक्क्याची तारीख वाचून पाहावी.

• परतीचे तिकीट, राहण्याच्या ठिकाणाचा पुरावा आणि खर्चाची सोय दाखवणारी कागदपत्रे जवळ बाळगावीत. औषधे आणि मौल्यवान वस्तू सीमेच्या अलीकडे ठेवून जाऊ नये.

• शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. घाट, संप, सुट्टी किंवा विमानातील बिघाड यांसाठी काही दिवस राखून ठेवावेत.

• मुदत चुकून उलटलीच, तर लपून राहण्याऐवजी संबंधित नोंदणी कार्यालयात स्वतः जावे. भारतात परदेशी नागरिकाला अशा वेळी निर्गमन परवाना मागता येतो. छत्रपती संभाजीनगरात यासाठी पोलीस आयुक्तालयातील विदेशी नागरिकांच्या नोंदणीचे काम पाहणाऱ्या शाखेकडे विचारणा करावी.

सीमा ओलांडून मुक्काम वाढवणे हे सरसकट बेकायदा नाही. कित्येक देशांत ते नियमाला धरूनच होते. मात्र जुन्या परवानगीचे नूतनीकरण त्यातून होत नाही. प्रत्येक वेळी नव्याने विचारलेला तो प्रश्न असतो, 'मला आत येऊ द्याल का?' काल मिळालेला होकार आज मिळेलच याची हमी कोणताही शिक्का देत नाही. म्हणूनच ज्याला एखाद्या देशात खरोखर दीर्घकाळ राहायचे आहे, मग कारण शिक्षणाचे असो, नोकरीचे असो वा लग्नाचे, त्याने त्या कारणासाठीचाच व्हिसा मागणे हा लांबचा वाटला तरी खात्रीचा रस्ता आहे.